डाव्या बाजूचे टायर

४ फेब्रुवारी

आज म्हातारीने भर रस्त्यात बसकण मारली.

म्हातारी म्हणजे आमची पिकअप. नर्सरी सुरू केली तेव्हा घेतली, आणि तेव्हाही ती कुणाची तरी वापरलेलीच होती. बँकेच्या नव्या इमारतीसाठी मोठ्या कुंड्या भरून निघालो होतो. कोपऱ्यावर वळताना डावीकडून धाडकन आवाज आला आणि गाडी एका अंगावर कलली. उतरून बघतो तर पुढचा डावा टायर. नक्षी अजून बऱ्यापैकी शिल्लक, पण बगलेला, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूला, वीतभर चीर. आतले दोरे बाहेर आलेले.

"कडेला घासला," ही म्हणाली.

मी म्हटलं, "फुटपाथच वाकडा बांधलाय. त्याला मी काय करू?"

हिने मागच्या चाकाला दगड लावले आणि स्टेपनी सोडवायला लागली. दोन कुंड्यांना तडे गेले. बँकेचा शिपाई बरा माणूस, म्हणाला, तडे भिंतीकडे करून ठेवू.

स्टेपनीही जुनीच आहे. आता टायर घ्यायलाच हवेत. चारही.

६ फेब्रुवारी

पहिलवानाकडे गेलो होतो. टायरवाला आहे. फुंकर मारली तर उडेल असा माणूस, म्हणून सगळा बाजार त्याला पहिलवान म्हणतो, आणि त्यालाही ते आवडतं. दुकान म्हणजे छतापर्यंत टायरच्या चळती आणि मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. आत शिरताना माझा डावा खांदा एका चळतीला लागला आणि वरचे दोन टायर गडगडत रस्त्यावर गेले. चळतीच नीट लावत नाही गडी.

त्याने म्हातारीभोवती सावकाश एक फेरी मारली. उजवीकडे दोनदा हात फिरवला. डावीकडे मात्र, मागचं चाक आणि उतरवलेला पुढचा टायर बघत, उकिडवा बसला तो उठेचना.

"काका, गाडी कोण चालवतं?"

"मीच. दुसरं कोण?"

"नाही, उजवे दोन्ही बघा. नक्षी झिजलीय, पण बगल स्वच्छ. आणि डावे दोन्ही..." त्याने हिच्याकडे पाहिलं. ही समोरच्या पाटीकडे बघत होती. त्या पाटीवर वाचण्यासारखं काय होतं कोण जाणे.

"अलाइनमेंट गेली असेल," मी म्हटलं.

"हां. अलाइनमेंट बघून घेऊ," तो म्हणाला आणि कान खाजवत उठला.

मग त्याने माल दाखवला. एक सरळ रेषांच्या नक्षीचा, डांबरी रस्त्याला शांत चालणारा, पण बगल नाजूक. एक जुन्याच टायरवर नवी नक्षी चढवलेला. तो मी लांबूनच नाकारला. मोजा फाटला तर रफू चालतो, टायरला नाही. तिसरा जाड बगलेचा, जास्त प्लायचा म्हणजे आत जास्त थरांचा, ओझं वाहणाऱ्यांसाठी. टायर कुठल्या साली, कितव्या आठवड्यात बनला ते बगलेवर बारीक आकड्यांत कोरलेलं असतं. पहिलवान मोबाईलचा दिवा लावून शोधत बसला. मी उभ्या उभ्या, चष्म्याशिवाय वाचून दाखवलं. त्याने आ वासला.

"अजून नजर शाबूत आहे बरं का," मी म्हटलं. मागे हिने चष्म्याच्या दुकानात ओढत नेलं होतं तेव्हाही तक्त्याची शेवटची ओळ मी घडाघडा वाचली होती. त्या पोराने हात जोडले होते मला.

विचार करून सांगतो म्हणून निघालो. टायर काही भाजी नाही, आली आणि घेतली.

९ फेब्रुवारी

हिच्या बडबडीने डोक्याला ताप झालाय.

पूर्वी ही कधी गाडीत बसायची नाही. सकाळपासून वाफ्यांत उकिडवी, नखांत माती, रोपांशी गप्पा. आता वर्षभर झालं असेल, मी किल्ली उचलली की ही चप्पल घालून तयार. वाफे एका बाईवर सोपवलेत, आणि ती बाई तण म्हणून रोपं उपटते. आणि गाडीत बसली की हिच्या तोंडाला खळ नाही. "ती शाळा सुटली बघा. तो दूधवाला केवढा वाकून चालवतो सायकल. आजी उभ्या आहेत हो त्या कडेला, हातात केवढी पिशवी." मी म्हटलं, रेडिओ काढून टाकला तर तू सुरू झालीस. हसली आणि म्हणाली, "वय झालं की बायका बोलायला लागतात."

खिडकीतून जग बघायची हौस आली असेल. असो.

खोलीतला दिवा बदलायला सांगितलाय. कोपऱ्यात अंधार असतो.

१२ फेब्रुवारी

मुलीचा फोन. ती लांबच्या शहरात असते, नवरा-बायको दोघंही नोकरीत. टायरचं सांगितलं तर म्हणाली, "बाबा, टायर कसले घेताय, एखादा ड्रायव्हर ठेवा ना."

"का? मला काय धाड भरलीय?"

"तसं नाही हो. आराम म्हणून."

"आराम मेल्यावर," मी म्हटलं, आणि फोन हिच्याकडे दिला. ही फोन घेऊन बाहेर गेली आणि बराच वेळ हलक्या आवाजात बोलत होती. माय-लेकींचं माझ्यामागे काहीतरी शिजतंय.

१५ फेब्रुवारी

आणखी दोन दुकानं पालथी घातली. प्रत्येक जण आपलाच टायर कसा सोन्याचा ते सांगतो. एक म्हणाला, तुमची गाडी जुनी आहे, तिला इतका जड टायर कशाला, स्टिअरिंग ओढावं लागेल. दुसरा म्हणाला, माती वाहता तर जाड बगलच हवी. दोघांचंही पटलं, म्हणजे घरी येईपर्यंत होतो तिथंच.

हिने चहा आणून ठेवला तो माझ्या कोपराने सांडला. चहा ठेवताना सांगावं माणसाने. "ठेवलाय हं" असं म्हणाली होती म्हणे.

१८ फेब्रुवारी

आज वाद झाला. लिहून ठेवतो, कारण चूक माझी नाही.

जेवताना मी म्हटलं, ठरलं, जाड बगलेचे घेतो. कडेला घासले तरी हूं का चूं करायचे नाहीत. ही घास हातात धरून बसली. मग म्हणाली, "टायर नकोच. गाडीच देऊन टाकू या का?"

मला वाटलं थट्टा करतेय.

"गिऱ्हाईक येऊन घेऊन जाईल रोपं. नाहीतर भाड्याचा टेम्पो सांगू. तुम्ही बागेत असा माझ्यासोबत. मला बरं वाटेल."

मी म्हणालो ते असं: मला रोपांतलं कळत नाही. कुठलं पान कुठल्या झाडाचं हे मी अजून तुला विचारतो. या घरात मला एकच गोष्ट येते, ती म्हणजे गाडी. तीही काढून घे आणि मला झारी दे हातात.

आवाज जरा चढला होता.

तिने ताट सारलं. उठता उठता म्हणाली, "बरं. मग जाड बगलेचेच घ्या."

जिंकलो म्हणायला हरकत नाही, पण जेवण गेलं नाही.

२१ फेब्रुवारी

चारही बसवले! पहिलवानाने अलाइनमेंट केली, बॅलन्सिंग केलं, हवा मोजून भरली. अलाइनमेंट तशी ठीकच होती म्हणाला, पण हलक्या आवाजात. आम्ही निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, राग मानू नका, एकदा सगळं चेक करून घ्या."

"गाडीचं झालं की सगळं."

"गाडीचं झालं," तो म्हणाला.

नव्या रबराचा वास किती चांगला असतो. टायरवर ते केसांसारखे बारीक रबराचे काटे असतात, ते मी हात फिरवून बघितले. म्हातारी एकदम वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखी उभी होती. येताना बाजाराच्या वळणावर डावं चाक कडेच्या दगडावर चढून उतरलं असावं, कारण हिने दाराचं हँडल घट्ट धरलं. मला तर काही जाणवलंसुद्धा नाही. गादीवरून गेल्यासारखं. पैसा वसूल.

२४ फेब्रुवारी

आज एकटा गेलो. हिला माती आणणाऱ्या ट्रकची वाट बघायची होती. मी बाहेर पडलो तेव्हा फाटकापर्यंत धावत आली, "थांबा, मी येते, ट्रकवाल्याला सांगते थांबायला" म्हणत. मी हात हलवला आणि निघालो. किती शांत वाटलं! माझं मी. दोन फेऱ्या झाल्या. एक सायकलवाला मागून शिव्या देत आला, मला कळेना कुठून टपकला तो. आजकाल लोक रस्त्यावर आभाळातून पडल्यासारखे येतात.

घरी आलो तर ही पायरीवर बसून होती. ट्रक येऊन गेला होता, माती पावतीपेक्षा कमीच ओतून. हिचं लक्षच नव्हतं.

"आलात," एवढंच म्हणाली.

२७ फेब्रुवारी

लिहवत नाही.

१ मार्च

लिहितो. कुणाशी तरी बोलायला हवं आणि इथं दवाखान्याच्या बाकावर कुणी ओळखीचं नाही.

परवा दुपारी मी रिकामी गाडी घेऊन परत येत होतो. ही फाटक उघडायला आली. फाटकाचं डावं दार आपोआप मिटतं, म्हणून ते धरून उभं राहावं लागतं. मी वळवली. "या, या" असं ऐकू आलं. मग "थांबा" ऐकू आलं. मला वाटलं, बागेतल्या बाईला सांगतेय. चाक कशावर तरी चढलं. मातीचं पोतं पडलं असेल असं वाटलं. खरं सांगायचं तर नीटसं काही जाणवलंच नाही. मी गाडी आणखी थोडी पुढे घेतली.

ती आणखी थोडी. ती मनातून जात नाही.

बागेतली बाई किंचाळली तेव्हा मी थांबलो. उतरून डावीकडे गेलो. ही चाकाजवळ जमिनीवर होती, एक हात अजून फाटकाच्या गजाला. पाय मी बघितला आणि मान फिरवली. हिने माझ्याकडे बघून काय म्हणावं? "घाबरू नका हो."

शेजारच्या दुकानदाराने त्याच्या गाडीतून आणलं. मी किल्ली म्हातारीतच विसरलो.

२ मार्च

ऑपरेशन झालं. गुडघ्याखाली सळई घातलीय. जिवाला धोका नाही म्हणाले तेव्हा जीव भांड्यात पडला, आणि लगेच दुसरं वाक्य आलं: गुडघा पूर्वीसारखा वाकणार नाही. चालतील. उकिडवं बसणं सोडा.

मी डॉक्टरांना म्हटलं, तिचं सगळं कामच जमिनीवर बसून आहे. ते म्हणाले, आता दुसरं काही शोधा.

कसं झालं म्हणून विचारलं तर मी म्हटलं, पाय घसरून चाकाखाली आली. हीसुद्धा तेच म्हणाली, आम्ही आधी ठरवलं नव्हतं तरी. शब्दसुद्धा तोच. "घसरले."

ते फाटकाचं दार आधीच काढून टाकायला हवं होतं. सगळा दोष त्या बिजागरीचा.

४ मार्च

मुलगी आली. आल्यापासून माझ्याशी तिने कामापुरतंच बोलणं ठेवलंय. पाणी पिताना, जिना उतरताना, मी वळून बघावं तर ती माझ्याकडेच बघत असते.

आज जे घडलं ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. दुपारी हिच्या खाटेशी बसलो होतो. मुलगी औषधं आणायला गेली असं मला वाटलं. मी हिला म्हटलं, "ही पोरगी नुसती पाळत ठेवते माझ्यावर. मी मुद्दाम केलं असं वाटतं की काय तिला? आल्यापासून एकदा 'बाबा, तुम्ही कसे आहात' असं विचारलं नाही."

ही माझ्याकडे बघेना. हिचे डोळे माझ्या खांद्याच्या पलीकडे होते.

"गेली कुठं पण? अजून येत नाही."

तेव्हा अगदी माझ्या डाव्या कानाशी आवाज आला, "बाबा, मी इथेच आहे. केव्हाची."

मी मान वळवली. ती माझ्या खुर्चीला टेकून उभी होती. हात पुढे केला असता तर लागली असती. औषधाची पिशवी हातात. तिचा चेहरा रडून लाल झाला होता.

मला कुणी काही सांगितलं नाही आणि मी कुणाला काही विचारलं नाही. मी उठून बाहेर आलो. व्हरांड्यात उभं राहून उजव्या डोळ्यावर हात ठेवला. मग हात काढला. मग परत ठेवला.

७ मार्च

मुलीने म्हातारी चालवत मला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिला मीच शिकवली होती गाडी, कॉलेजात असताना, नर्सरीच्या मागच्या मैदानात.

मी डावीकडच्या सीटवर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मान पूर्ण वळवून खिडकीबाहेर बघितलं तेव्हा दिसलं की रस्त्याची कड इथून किती जवळ असते. सायकलींचे हँडल हाताला लागतील असे. शाळेतली मुलं, काठी टेकत जाणारी माणसं, उघडी गटारं. मुलगी सावकाश, अंतर ठेवून चालवत होती, तरी माझा हात आपोआप दाराच्या हँडलवर गेला. आणि मग हाताला कळलं की हँडलची खालची बाजू झिजून गुळगुळीत झालीय. आपल्या शेजारी बसून वर्षभर ही गप्पा मारत नव्हती. गाडी चालवत होती.

मुलीने विचारलं, "काय झालं बाबा?" मी म्हटलं, काही नाही, कचरा गेला डोळ्यात.

बाईंच्या खोलीत एक मशीन आहे. एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून समोर बघायचं, कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याच्या वेळी मी टकाटक दाबत होतो. डाव्याच्या वेळी बराच वेळ ठिपकाच येईना. मी म्हटलं, "बाई, मशीन बंद पडलंय."

त्या म्हणाल्या, "नाही काका, चालू आहे."

काचबिंदू म्हणाल्या. मोतीबिंदू नव्हे, तो काढता येतो. हा कडेकडून नजर खात येतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. चष्म्याच्या दुकानातला तक्ता समोरच असतो. बारीक अक्षरं समोरच असतात. डाव्या डोळ्यात समोरची एक खिडकी तेवढी उरलीय. उजव्यात सुरुवात आहे, तो थेंबांनी राखता येईल. गेलेलं परत येणार नाही.

"वर्षभर आधी आला असता तर," त्या म्हणाल्या, आणि वाक्य तिथंच सोडून थेंबांची बाटली उघडून दाखवायला लागल्या.

११ मार्च

पहिलवान दवाखान्यात आला होता. फळं घेऊन. हिला नमस्कार करून मला बाहेर बोलावलं. तो बोलेपर्यंत चहावाला दोनदा येऊन गेला.

"काका, मला त्याच दिवशी कळलं होतं. डावेच दोन्ही फाटलेले. टायर खोटं बोलत नाही. मी म्हटलं, सांगू या. मग म्हटलं, आपण कोण सांगणारे, मोठ्या माणसाला. आणि टायर विकून टाकले."

त्याने सांगितलं असतं तर मी दुकान बदललं असतं. त्याला तसं म्हटलं. त्याने मान हलवली, पण चेहरा सैल झाला नाही. जाताना म्हणाला, "जाड बगलेचे द्यायला नको होते. साध्या टायरने निदान दणका तरी कळला असता."

हे मला सुचलं नव्हतं. आता सुचत राहील.

१५ मार्च

हिला विचारलं. मुलगी घरी अंघोळीला गेली होती, शेजारची खाट रिकामी होती.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"डावा आरसा दुसऱ्यांदा तुटला तेव्हापासून."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथं तुम्ही शेवटची ओळ वाचलीत आणि आठवडाभर तेच सांगत फिरलात. मग मला वाटलं, माझंच चुकतंय. मग एकदा दूधवाला थोडक्यात वाचला. तेव्हा चुकत नाही हे कळलं."

"तेव्हा बोलायचं."

हिने पांघरुणाचा काठ सरळ केला. "तुम्ही सकाळी किल्ली उचलता ना, तेव्हा तुम्ही वेगळेच दिसता. मला तेवढं मोडवेना. म्हटलं, मी बसते शेजारी, निभेल. निभतही होतं." मग म्हणाली, "तो दूधवाला, ती शाळेतली पोरं. त्यांच्यातलं कुणी सापडलं असतं तर मी काय केलं असतं हो? मी माझ्या लाडापायी त्यांना पणाला लावलं. रात्री तेच डोळ्यांसमोर येतं. त्या मानाने हा पाय ठीक आहे."

मला वाटलं होतं, ती मला दोष देईल आणि मी तो घेईन. ती स्वतःचाच घेऊन बसली होती. मी म्हटलं, डॉक्टरांना खरं सांगतो, घसरली नाहीस म्हणून. ती म्हणाली, "मीच सांगितलं काल."

२ एप्रिल

घरी आणलं. काठी घेऊन पायरीपर्यंत चालते.

मी बागेत बाकं करतोय. जुन्या फळ्या आणि विटा, त्यावर मातीच्या पेट्या, कमरेच्या उंचीला. म्हणजे तिला उभं राहून, नाहीतर खुर्चीत बसून रोपं लावता येतील. पहिलं बाक कललं. तिने खुर्चीतून बघितलं आणि म्हणाली, "पाणी सगळं एकीकडे पळेल." परत केलं. उभ्याने काम करायची सवय नाही तिला, थोड्या वेळात पाठ धरते. मधेच जमिनीवरच्या वाफ्यांकडे बघत बसते. मी तेव्हा तिच्याकडे बघत नाही.

थेंब सकाळ-संध्याकाळ. तीच घालते. माझा हात हलतो.

९ एप्रिल

म्हातारी विकायला काढली. मुलगी म्हणाली, "मी सांगितलं म्हणून नका विकू." मी म्हटलं, तू सांगितलं तेव्हा कुठं ऐकलं होतं?

२० एप्रिल

आज एक सुतार आला. पस्तिशीचा, कानावर पेन्सिल, अंगाला भुशाचा वास. सामान पोचवायला गाडी हवीय त्याला. बॉनेट उघडून इंजिन ऐकलं, खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघितले, मग चाकांभोवती फिरला.

"टायर तर कोरे आहेत काका. अजून काटेसुद्धा गेले नाहीत. एवढे चांगले टायर घालून कुणी गाडी विकतं का? काहीतरी खोट असणार."

मी उत्तर तयार ठेवलं होतं. वय झालं, धंदा कमी केला, जागा अडते. कालपर्यंत गाडी बघायला आलेल्या दोघांना हेच सांगितलं होतं.

"एक फेरी मारून दाखवा," तो म्हणाला.

किल्ली माझ्या हातात होती. रस्ता मोकळा होता. पाच मिनिटांचं काम.

"खोट गाडीत नाही," मी म्हटलं. "मला डावीकडचं दिसत नाही. ते मला माहीत नव्हतं, आणि मी हिच्या अंगावर गाडी घातली. फेरी तुम्हीच मारा." आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

परक्या माणसाला पहिल्यांदाच सांगितलं. ही पायरीवर खुर्चीत बसली होती, तिलाही ऐकू गेलं असणार.

सुतार गेला, लांबवर जाऊन आला, गाडी नीट लावली. घेतो म्हणाला. तरी जाईना. दाराला टेकून किल्ली या हातातून त्या हातात करत राहिला.

"काका, एक विचारू? आमचे वडील अजून करवतीवर बसतात. मशीनच्या. चाळीस वर्षं बसतात. हल्ली फळी रेघ सोडून कापली जाते. मी मागून परत कापून घेतो, त्यांना कळू देत नाही. परवा त्यांच्या बोटाला लागलं थोडं. म्हणाले, पातं वाईट आहे. नवं पातं आणायला सांगितलंय." त्याने किल्ली मुठीत घेतली. "तुम्हाला कुणी सांगितलं असतं, तर ऐकलं असतं का तुम्ही?"

मी हिच्याकडे बघितलं. ही काही मदत करणार नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "ऐकलं नसतं. भांडलो असतो. जेवलो नसतो. तुम्हाला नाही नाही ते बोललो असतो."

त्याने मान खाली घातली.

"तरी सांगा," मी म्हटलं. "पातं आणू नका. आज घरी गेल्यावर सांगा."

तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. उद्या येऊन गाडी नेतो म्हणाला आणि चालत निघाला. फाटकाबाहेर गेल्यावर थोडा वेळ तसाच उभा होता. मग आला होता त्या वाटेने, आपल्या घराकडे वळला, आणि पावलं जरा भरभर पडायला लागली.